मटणाचं फ्रिकाडेल

बस्त्याव, तुझ्या त्या एका वाक्याचं काय करायचं हे मला अजून कळत नव्हतं. काल कळलं. पण ते शेवटी सांगतो, आधी थोडं भांडून घेऊ दे.

"इतकी वर्षं तुझ्यापायी खोटं फ्रिकाडेल खातोय मी," असं म्हणालास आणि उलथनं सिंकमध्ये टाकून आपल्या खोलीत गेलास. राखेच्या बुधवाराआधीचा शुक्रवार होता तो. मग तुमचा उपवासकाळ लागला, शुक्रवारचं मटण बंद झालं, आणि मी मनाशी म्हटलं, असू दे. ईस्टर झाला की हा पुन्हा तवा काढेल, मी कांदा चिरायला बसेन, तेव्हा सरळ विचारू की बाबा रे, ते बोललास ते खरं होतं की नुसतं रागाचं? भांडायचंच तर कांदा चिरताना भांडावं, डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणी विचारत नाही. तू ईस्टरपर्यंत थांबला नाहीस. विमानतळावरच्या कार्गो ऑफिसात चहाचा कप हातात धरून खुर्चीवरून खाली आलास, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

असा वाद अर्धा टाकून जातात का रे कोणी? मी पुण्याचा माणूस. वाद अर्धा राहिला की मला घास उतरत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

दवाखान्यात पोचलो तेव्हा दारात केरळची एक नर्स उभी होती. बिचारी चांगली होती, तिचा काही दोष नाही. तिनं विचारलं, "आप इनके कौन लगते हैं?" मी म्हणालो, "रूम पार्टनर." ती म्हणाली, "फॅमिली से कोई नहीं है?" मी म्हणालो, "फॅमिली इंडिया में." तर तिनं बाकाकडे बोट दाखवलं. तिथे बसलो. थोड्या वेळानं तुझ्या कंपनीचा माणूस आला, त्याला आत घेतलं. तुला आयुष्यात एकदाही जेवताना न बघितलेला माणूस आत, आणि मी बाहेर बाकावर. तिथे बसल्या बसल्या तुझं ते वाक्य पहिल्यांदा नीट टोचलं. रूम पार्टनर म्हणजे काय, तर अर्धं भाडं, अर्धा गॅस आणि फ्रिजमधला एक कप्पा. माझ्यापायी तू खोटं खात होतास, म्हणजे मी तुझ्या गळ्यातलं लोढणंच ठरलो की. इतकी वर्षं मी ज्याला घर समजत होतो ते तुझ्या लेखी काय होतं, सोय? हा प्रश्न घेऊनच मी परत आलो आणि तेव्हापासून तो माझ्यासमोर ताट घेऊन बसतो.

आपण एका घरात आलो तेही सोय म्हणूनच, हे कबूल. मी इथे आखातात, मनामात, एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, पेढीवर हिशेबनीस म्हणून नवा लागलो होतो आणि मुहर्रकमध्ये तुला खोलीसाठी जोडीदार हवा होता. तू वसईचा, बायको आणि दोन मुली गावी. मी पुण्याचा, सडाफटिंग. जिना चढून आलो तर तू बनियनवर दार उघडलंस आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणालास, "एक गोष्ट आधी सांगतो. भाडं उशिरा दिलं तरी चालेल, पण चूल वेगळी मांडलेली चालणार नाही."

मला वाटलं, हा माणूस बहुतेक आळशी आहे, माझ्याकडून स्वयंपाक करून घेणार. कारण पुढे कधीतरी सांगितलंस. तुझे वडील आणि काका एका घरात राहून भांडले, चूल वेगळी झाली, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध कुडाची भिंत आली. भिंत इतकी पातळ, की काकीनं बोंबील भाजले की तुम्हा पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण मागायचं नाही अशी आईची ताकीद. "तेव्हाच ठरवलं," म्हणालास, "मी जिथे राहीन तिथे चूल एकच असेल. मग भले तिच्यावर नुसती पेज शिजो." हे सांगताना तू हसत होतास, पण मला तुझं लहानपणीचं तोंड त्या कुडापाशी दिसलं.

आणि मग वरच्या मजल्यावर जर्मन हेल्गाबाई आली. तिला हेल्गाबाई करून टाकणारा तूच. नवरा विमानांच्या इंजिनांचं काम करायचा, दिवस दिवस घरी नसायचा, आणि ती बाई गॅलरीत उभी राहून खालच्या गल्लीकडे बघत असायची. तिच्या सामानाची पेटी कार्गोत अडकली होती, ती तू सोडवून दिलीस, म्हणून तिनं आपल्याला जेवायला बोलावलं. मी माझा एकुलता एक टाय लावला होता. टेबलावर बटाट्याची आंबट कोशिंबीर, पिवळी मोहरीची चटणी, आणि एका ताटात ती तपकिरी, चपटी, गुबगुबीत कटलेटं.

"फ्रिकाडेल," ती म्हणाली.

मी विचारलं, मटण का? ती म्हणाली, नाही, अर्धं बीफ, अर्धं पोर्क. मी नुसते बटाटे खाल्ले. तू सहा फ्रिकाडेलं खाल्लीस, आणि तीही थंड. ती आदल्या दिवशी तळून ठेवलेली होती आणि बाई म्हणाली की हीच खरी पद्धत. खाताना तू एक शब्द बोलला नाहीस. तुला गप्प बसवणारा पदार्थ मी तोवर पाहिला नव्हता.

जिना उतरताना मात्र तोंड सुटलं. "अरे भटा, घरी चातुर्मासात कांदा नाही शिवला, आणि इथे येऊन मटण खातोस, अंडी खातोस, माझं सुकं बोंबील खातोस. बाटायचं तेवढं बाटून झालंय. आता उरलंसुरलं कोणासाठी जपतोस?"

मी म्हणालो, "डुकराचं एक वेळ जमेल. गाय नाही जमणार. आई डोळ्यांसमोर येते."

तू दोन पायऱ्या उतरलास आणि थांबलास. "आईचं नाव घेतलंस. खलास," म्हणालास. त्या विषयावर पुन्हा कधी माझी थट्टा केली नाहीस. बाकी सगळ्या विषयांवर केलीस, माझ्या टक्कलापासून माझ्या इंग्रजीपर्यंत, पण त्यावर नाही.

पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर तू वर जाऊन बसलास आणि सगळं बघून आलास. या देशात सुट्टी शुक्रवारची, म्हणून तुमची चर्चची गर्दीही इथे शुक्रवारीच, हे मला आधी किती विचित्र वाटायचं. वरून आलास तो नवीन धर्म घेऊन आल्यासारखा. शिळा पाव दुधात भिजवायचा, मग पिळायचा, पण फार पिळायचा नाही. कांदा बारीक, इतका बारीक की दाताला कळता कामा नये, आणि तो लोण्यात नुसता मऊ करायचा, लाल नाही. अंडं, मोहरी, मिरी, किंचित जायफळ, आणि तिच्या डब्यातला एक वाळका पाला. हात ओला करून थापायचं. आच मंद. आणि तव्यावर टाकलं की उलथन्यानं दाबायचं नाही. "दाबलंस की रस गेला. रस गेला की राहिला चेंडू."

"आणि कीमा?" मी विचारलं.

"मटणाचा," तू म्हणालास, आणि पिशवी माझ्यापुढे ठेवलीस. "तुला काय वाटलं, मी एकटा खाणार आणि तू बटाटे?"

मी म्हणालो, तू तुझं बीफचं कर, मी वरणभात लावतो, माझं काही अडत नाही. मी हे मनापासून बोललो होतो. आणि तू म्हणालास, "दोन तवे? मग मधे कूडही घालूया की."

पहिल्या वेळचा घोटाळा माझ्यामुळे झाला आणि त्याचं श्रेय मी कोणाला देणार नाही. तू मला शिळा पाव आणायला पाठवलंस. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअर नावाच्या किराणा दुकानात पाव मफी, संपलेला; खुबूज ही अरबी रोटी तेवढी होती. खुबूज दुधात घातला तर त्याची खळ होणार, एवढी अक्कल मला होती. मग मी माझी पुणेरी अक्कल चालवली, की शिळा पाव म्हणजे वाळलेला पाव, आणि वाळलेला पाव म्हणजे टोस्ट. मुंबईहून येणारे चहाचे टोस्ट घेऊन आलो, वेलदोड्याचे. तू घाईत होतास, न बघता भिजवलेस. तव्यावर वास सुटला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं. गोड फ्रिकाडेल. वेलचीयुक्त. आईनं केलेल्या श्रीखंडात कोणी मिरी घालावी तसं काहीतरी.

मी म्हणालो टाकून देऊ. तू म्हणालास गुरूला नैवेद्य दाखवल्याशिवाय टाकायचं नाही, आणि बशीत घालून वर नेलंस. हेल्गाबाईनं एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "ख्रिसमस." तिच्या आईच्या घरी नाताळात असाच वास असायचा म्हणे. मग ती रडली. तू इतका गडबडलास की तिला आपला घामाचा रुमाल दिलास. खाली येऊन म्हणालास, "मधू, आपण त्या बाईला रडवून आलो, तेही टोस्टनं." त्यानंतर दर नाताळात ती वरून ओरडायची, "टोस्ट-फ्रिकाडेल!" आणि तिच्यापुरती आपण ती करायचो. हसून हसून, पण करायचो.

नवऱ्याची बदली झाली तेव्हा ती आपला बिडाचा तवा खाली घेऊन आली, दोन हातांत, लहान मूल आणावं तसा. तुझ्या हातात दिला आणि तुझ्या गालाचा मुका घेतला. वसईचा माणूस कानापर्यंत लाल झाला होता. मी ते कतरीनवहिनींना सांगेन अशी धमकी मी तुला कितीतरी वर्षं देत होतो.

ती गेल्यावर खरं फ्रिकाडेल संपलं. मला तेव्हा हे सुचलं नाही, आता सुचतं. ती असेपर्यंत महिन्या-दोन महिन्यांतून वर जाऊन तुला अस्सल खायला मिळत होतं. मग राहिलं ते आपलं मटणाचं.

शुक्रवार तरी किती मिळायचे आपल्याला? तुझ्या उपवासकाळातले शुक्रवार बाद. माझा श्रावण बाद. संकष्टी शुक्रवारी आली की तो बाद, आणि ती तुझ्याच लक्षात असायची. "भटा, आज चंद्र आहे ना तुझा? मग कीमा उद्यावर." पुण्याला बहिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसला नव्हता, की मला संकष्टीची आठवण एक ख्रिस्ती माणूस करून देतो. तुझ्या उपवासात मी साबुदाणा भिजवायचो आणि तू म्हणायचास, "उपासाला इतकं तूप? तुमचा देव फार लाड करतो."

आणि भांडणं. मी म्हणायचो हिरवी मिरची घाल, आलं घाल, ही काय आजाऱ्याची कटलेटं. तू म्हणायचास, "कटलेट म्हणू नको." मी मुद्दाम म्हणायचो. तव्यातून पहिलं निघालं की मी ते गरम गरम उचलायचो आणि तू हातावर फटका मारायचास. "उद्या! उद्या खा. थंड झालं की चव येते. बाई काय सांगून गेली?" मी म्हणायचो, बाईंच्या देशात बर्फ पडतो, त्यांना थंडच मिळणार. फटका खाऊनही मी खायचो. जीभ पोळायची. तुझं मत की मला फ्रिकाडेल कधी कळलंच नाही, कारण मी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत धीर धरला नाही. माझं मत की गरम ते गरम. हा वाद कधी मिटला नाही, आणि तो मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

तो शेवटचा शुक्रवार मात्र वेगळा होता. कीमा मळता मळता तू सहज म्हणालास, "या वर्षी कायमचा जातो रे घरी. धाकटीचं लग्न ठरेल. पुरे झालं." पाठ माझ्याकडे, हात कीम्यात. मी चिरलेलाच कांदा पुन्हा चिरायला घेतला. आणि घाबरलो की माझ्या तोंडून काय निघतं ते तुला माहीत आहे.

"जा की," मी म्हणालो. "मला काय सांगतोस? मी धरून ठेवलंय?"

"धरून नाही ठेवलंस. पण तुझं काय, तेही बघायला नको?"

"माझं बघायला मी आहे. तू वसईत जा आणि हवं ते खा."

तेव्हा तू वळलास. "खाणारच. गेल्या गेल्या पहिलं खरं फ्रिकाडेल करून खाणार. इतकी वर्षं तुझ्यापायी खोटं फ्रिकाडेल खातोय मी." आणि उलथनं सिंकमध्ये.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. चहा घे, गॅसवाला आला होता, वहिनींचा फोन आला का, हे सगळं होतं. पण ते वाक्य मधे होतं. कुडासारखं होतं, बस्त्याव. तू काय करतोयस ते पलीकडून ऐकू यायचं, पण मागता काही येत नव्हतं.

तुला घरी पाठवायचं ते तुझ्याच कार्गो शेडमधून. अशा किती पेट्यांचे कागद तू केलेस, आणि संध्याकाळी येऊन बूट न काढताच बसून राहायचास. मी विचारलं की म्हणायचास, "आज एक पंजाबी होता," किंवा "आज एक आंध्राचा होता, पोरगाच होता." मी अरबाबाकडे रजा मागितली तुझ्याबरोबर यायला. वाईट माणूस नाही तो, त्यानं तुझ्यासाठी दुवा म्हटली. पण म्हणाला, रजा रक्ताच्या नात्याला मिळते. तुमच्या चर्चमधला एक वसईकर सुट्टीवर निघालाच होता, तो तुझ्यासोबत गेला. मी शेडच्या जाळीपर्यंत आलो होतो. पेटी आत गेली, शटर खाली आलं, तरी मी तिथेच उभा होतो, म्हणून तिथला पहारेकरी आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, सदीक. खलास." संपलं, मित्रा, हे तोही प्रेमानंच म्हणाला. त्या दिवसांत सगळे माझ्याशी प्रेमानंच वागले आणि मला कोणीच कुठे येऊ दिलं नाही.

घरी येऊन तुझं सामान बांधलं. शर्ट, पँट, रोजारीची माळ, मुलींसाठी घेऊन ठेवलेल्या अत्तराच्या बाटल्या, वहिनींसाठी घेतलेली शाल. तवा बांधायला घेतला आणि परत ठेवला. तुझा म्हणून पाठवायचा, की घरचा म्हणून ठेवायचा? हेल्गाबाईनं दिला होता तुझ्या हातात. मी कांदा चिरणारा. मला त्याच्यावर काय हक्क? तो मी शेगडीवरच ठेवला आणि रोज डबा आणून खाल्ला. इथून विमान गेलं की खिडकीची काच थरथरते, आधी ते जाणवत नव्हतं. आधी तू बोलत असायचास.

जिन्यावरचे लोक विचारतात, आता जोडीदार बघणार का? एक जण तर बघायलाच आला, भला माणूस, सनाबिसला कुठेतरी नोकरीला आहे. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "अंकल, कुकिंग का कैसे? अलग अलग?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही. त्याला वाटलं खोलीचं ठरलं नाही.

ईस्टरच्या दिवशी फोन करणं भाग होतं. तुम्हा लोकांचा एवढा मोठा सण, आणि त्या घरात तो असा आलेला. धीर होत नव्हता. रविवार टळू दिला, सोमवार टळू दिला, असे चार दिवस गेले. काल शेवटी तुमच्या शेजारच्या डॉक्टरांच्या घरी लावला, त्यांनी वहिनींना हाक मारून आणलं. मग त्याच म्हणाल्या, "मधुभाऊ, जेवता ना वेळेवर?"

मी हो म्हटलं आणि तव्याचं काढलं. म्हटलं, वहिनी, बस्त्यावचा एक तवा आहे इथे, बिडाचा, फ्रिकाडेलचा. सामानात घालायचा राहिला. कोणी येणारं असेल तर पाठवतो. तुमचाच आहे तो.

"मी काय करू त्याचा?" त्या म्हणाल्या. "इथे आहे की एक. मागे सुट्टीवर आला तेव्हा बाजारातून धरून आणला, म्हणाला याच्याशिवाय होत नाही. सुट्टीवर आला की करायचाच ना तो. पोरी वाट बघायच्या. सगळं घर कांद्याच्या वासानं भरून टाकायचा."

मी म्हणालो, "मग तिकडे खरं करत असेल. बीफ-पोर्कचं."

बस्त्याव, हे मी का विचारलं ते तुला कळेल.

"कुठलं खरं?" वहिनी म्हणाल्या. "मटणाचंच. मी किती डोकं आपटलं. म्हटलं, अरे आपल्याला कोणाची बंदी आहे? त्या बाईनं शिकवलं तसं कर ना एकदा, पोरींना पण कळू दे. तर म्हणे, नको, मटणाचंच होतं ते. मी चिडले एकदा. म्हटलं, तो तुझा मधू इथे आहे का जेवायला? तर म्हणाला..."

त्यांनी पलीकडे पोरींना गप्प केलं.

"म्हणाला, इथे नसला तरी घरातला आहे ना."

पुढे काय बोलणं झालं ते मला नीट आठवत नाही. तवा तिथेच राहू द्या असं त्या म्हणाल्या. मुलींनी पलीकडून हाक मारली, "अंकल, हॅपी ईस्टर." फोन ठेवला आणि मी तिथेच खुर्चीवर बसलो. दवाखान्यातल्या बाकावर ज्यासाठी बसलो होतो ते उत्तर वसईत, तुझ्या स्वयंपाकघरात, केव्हाचं देऊन झालेलं होतं. आणि लबाडा, मला सांगितलं नाहीस. मला उलथनं फेकून दाखवलंस. सुट्टीत तुझ्यामाझ्यात अख्खा समुद्र असताना, सगळी वसई तुझ्या बाजूनं असताना, तू त्या तव्यावर माझ्या आईला सांभाळत होतास. आणि इथे येऊन मला म्हणतोस खोटं.

मला राग आला, खरंच सांगतो. इतका आनंद झाला आणि इतका राग आला की दोन्हीसाठी घरात माणूस नव्हता. तू असतास तर मी तुझ्या अंगावर धावून गेलो असतो. मग आपण चहा केला असता.

आज शुक्रवार. तुझी चर्चमधली मंडळी घरी परतत होती तेव्हा मी कीमा घेऊन जिना चढत होतो. पाव कालच आणून ठेवला होता, साधा, टोस्ट नव्हे. कांदा चिरला, त्यात माझा हात बसलेला आहे. पुढचं मात्र मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, फक्त टोमणे मारत बघितलं होतं. पाव जास्त पिळला गेला. मीठ आधी कमी पडलं, मग बहुतेक जास्त झालं. हिरव्या मिरच्या समोर होत्या, तू बघायला नव्हतास, तरी घातल्या नाहीत. पहिलं उलटताना फुटलं. दुसरं फुटलं नाही. दाबायचं नाही, दाबायचं नाही, असं मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि माझ्याच आवाजाला दचकत होतो.

सगळी तळून झाली. वास थेट तोच आहे. जिन्यावरून कोणी गेलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांचा शुक्रवार आहे.

पहिलं तव्यातून काढलं तेव्हा सवयीनं हात पुढे गेला. आणि सवयीनंच मी थोडा थांबलो, फटक्यासाठी.

सगळी ताटात मांडून वर दुसरं ताट झाकलं आहे. एकही खाल्लेलं नाही. उद्या सकाळी खाईन, थंड, मोहरी लावून, तू म्हणायचास तसं. ते खोटं होतं की खरं, ते उद्या आपल्या घरातला माणूस खाऊन सांगेल.